कारवीला घाई नाही

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, कान्हेरीच्या बाजूच्या उतारांवर कारवी दिसते. नुसती हिरवीगार. फोटोबिटो आत्ता विसरा! इथली कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते: २००८, २०१६, २०२४. ऑगस्ट-सप्टेंबरात डोंगर जांभळा होतो, मग बी धरून अख्खं झुडूप मरतं. वाळलेली बोंडं तडकतात, बिया उडतात, पावसात रुजतात. २०३२च्या बहराची मदार त्याच रोपांवर. (तोवर तुम्ही कितव्या कंपनीत असाल?) शॉर्टकट मारणाऱ्यांचे बूट नेमके त्यांच्यावरच पडतात. तेव्हा प्लीज, मळलेली वाट सोडू नका. आणि हो, बाल्कनीसाठी बिया खिशात टाकायच्या नाहीत. हे राष्ट्रीय उद्यान आहे, नर्सरी नव्हे. कुंडीत काही पेरायचंच तर सदाफुली आहे की, दोन-तीन महिन्यांत फुलते.