शेजारी रोज नवे!

बाबांना रिटायरमेंटनंतर मालेगावातच राहायचंय. (नाशिकचं नव्हे हो, वाशिमचं! पुण्यात ऑफिसमध्ये हे दरवेळी सांगावं लागतं.) नवं घर बघितलं. ऐसपैस, ईएमआयही झेपणारा. लोचा एकच. शेजारचा बंगला दिवसाच्या भाड्याने जातो.

मालेगावात कोण मुक्कामाला येतं म्हणता? तालुक्यातच शिरपूर जैन आहे. तिथल्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या गाभाऱ्याला दोन पंथांच्या वादात १९८१ पासून कुलूप होतं. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये ते निघालं. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला होता.

यात्रेकरूंचं काहीच नाही. सूर्यास्ताआधी जेवणारे शेजारी मला पुण्यात मिळाले असते तर! धास्ती शनिवारच्या बर्थडे पार्ट्यांची. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला कायद्याने बंदी आहे, पण दर आठवड्याला पोलिसांना फोन कोण करणार? बाबा तर नाहीच.

मी आवाजाचा हिशेब करत बसले होते. आईचा प्रश्न वेगळाच होता. "रात्री दोनला ह्यांना काही झालं, तर मी कोणाचं दार वाजवू? बंगल्याचा मालक नागपुरात. आणि विरजण कोणाकडे मागू, रोज नव्या माणसाकडे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी जुन्या गल्लीतल्या, एक खोली कमी असलेल्या घराचं टोकन दिलं. रजिस्ट्री व्हायचीय अजून, पण समोरच्या काकूंनी माझ्या लग्नाचा विषय काढलासुद्धा.