पोटांत न राहणारें दुखणें

मराठी भाषेनें पोटावर जितकीं कामें सोंपविलीं आहेत, तितकीं दुसऱ्या कोणत्याहि अवयवावर सोंपविलेलीं दिसत नाहींत. माणूस नोकरीस लागतो तो पोटासाठीं, माया येते ती पोटांतून, आणि दुसऱ्याचे अपराध आपण घालतों तेहि पोटांत. जी गोष्ट चारचौघांत सांगण्याजोगी नसेल ती पोटांत ठेवावी, असा वडीलधाऱ्यांचा उपदेश असतो. व्यवहारांत तो चांगलाच आहे. पण ज्याचें पोटच दुखणाईत, त्यानें तो कितपत पाळावा, ह्याविषयीं दोन शब्द लिहिण्याचा आम्हांस थोडाबहुत अधिकार आहे. कारण मोठ्या आंतड्याचा दाह, ज्यास डॉक्टर अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात, तो आमच्या देहांत आज पंधरा वर्षें भाडें न देणाऱ्या बिऱ्हाडकरूसारखा ठाण मांडून बसला आहे.

हें नांव नवें नाहीं. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल विल्क्स ह्यांनीं १८५९ सालीं एका शवपरीक्षेच्या वर्णनांत तें योजिलें. ह्या रोगाचा चुलतभाऊ म्हणजे क्रोन्स डिसीज. १९३२ सालीं न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग व ओपनहायमर ह्या तिघांनीं लहान आंतड्याच्या शेवटच्या भागाचा विकार म्हणून त्याचें वर्णन केलें; पुढें तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेंहि होऊं शकतो असें आढळून आलें. दोहोंस मिळून इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज असें म्हणतात. दोहोंतहि देहाचें रक्षण करणारी शक्तिच आंतड्यावर उलटते. कुंपणानेंच शेत खावें त्यांतला हा प्रकार.

परंतु रोगाचें नांव आंतड्याचें असलें तरी त्याचा संचार तेवढ्यापुरता नसतो. गुडघे व घोटे सुजतात. सकाळीं उठतांना कंबर लाकडासारखी ताठते. नडगीवर तांबड्या, दुखऱ्या गांठी येतात. डोळे लाल होतात. आणि कांहीं थोड्यांच्या यकृतांतील पित्तनलिका हळूहळू आंवळत जातात. ह्यांपैकीं कांहीं विकार आंतड्याशीं इमान राखून असतात: पोट बिघडलें कीं नडगीवर गांठी उठतात, तें शमलें कीं त्या मावळतात. कांहीं मात्र स्वतंत्र संस्थानिकासारखे वागतात. कण्याचा संधिवात पोट शांत असतांनाहि आपला क्रम सोडीत नाहीं. आणि रोगट आंतडें सबंध काढून टाकलें तरी पित्तनलिकांचा आजार पुढें चालूं शकतो. डोळ्याचेंहि असेंच आहे. बाहेरच्या पडद्याची लाली बहुधा पोटाबरोबर ये-जा करते. पण आंतील पडद्याचा दाह, ज्यास युव्हायटिस म्हणतात, तो पोटाची वाट पाहत नाहीं, आणि दुर्लक्ष झाल्यास दृष्टि घेऊन जातो. आणखी आश्चर्य असें कीं, हे पाहुणे कधीं कधीं यजमानाच्या आधीं येतात. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका स्विस पाहणींत, असे बाह्य विकार झालेल्यांपैकीं सुमारें चौथ्या हिश्शास ते आंतड्याच्या रोगाचें निदान होण्यापूर्वींच झालेले आढळले.

आमच्याच देहावरचा दाखला द्यावयाचा, तर सहाव्या वर्षीं आमचा उजवा डोळा लाल झाला. उजेड सोसेना, अक्षरें धुक्यांत गेल्यासारखीं दिसूं लागलीं. एका नेत्रवैद्यांनीं, डोळे आले आहेत, असें सांगून थेंब दिले. त्याच महिन्यांत घोटा सुजला होता, त्याची फाईल दुसऱ्या दवाखान्यांत होती. पोटाची फाईल तिसऱ्या दवाखान्यांत. प्रत्येक ठिकाणीं त्या त्या अवयवापुरती चौकशी झाली. डोळा बरा होईना, तेव्हां आम्ही दुसरीकडे गेलों. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनीं डोळ्यावर दिवा धरण्यापूर्वींच विचारलें, "काका, पोटाचा कांहीं जुना त्रास आहे का?" डोळ्याच्या दवाखान्यांत पोटाची चौकशी! दार उघडें, बाहेर बांकावर माणसें बसलेलीं, आणि प्रश्न दिवसांतून किती वेळां जावें लागतें व रक्त पडतें का, असे. आम्हीं उत्तरें दिलीं. त्या उत्तरांवरून योग्य उपचार सुरू झाले, आणि डोळा वाचला.

सांधे व आंतडें ह्यांचें हें नातें औषधांच्या इतिहासांतहि उमटलें आहे. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ ह्या विदुषी सांधेदुखीवर औषध शोधीत होत्या. त्यांतून सल्फासॅलझिन निघालें. आणि आंतड्याच्या दाहावरहि त्याचा गुण येतो असें दिसून आल्याचें त्यांनीं १९४२ सालीं प्रसिद्ध केलें. घोटा आणि आंतडें एकदम कुरकुरूं लागलीं म्हणजे आजहि तें कामास येतें.

मात्र औषधांचेंहि आपलें एक येणें असतें. कॉर्टिझोनच्या वर्गांतील औषधें भडकलेला दाह झपाट्यानें विझवितात, हें १९५५ सालीं ट्रुलव्ह व विट्स ह्यांनीं रीतसर प्रयोगानें दाखविलें. पण तीं फार दिवस चाललीं तर हाडें ठिसूळ होतात, रक्तांतील साखर वाढते, मोतीबिंदु येतो. १९९८ सालीं अमेरिकेंत क्रोन्स डिसीजसाठीं मान्य झालेलें इन्फ्लिक्सिमॅब हें दाह चेतविणाऱ्या एका द्रव्यास अडवितें. परंतु देहांत निजलेल्या क्षयजंतूंस कोंडून ठेवण्याचें कामहि तेंच द्रव्य करीत असतें. आपल्या देशांत ही गोष्ट पुस्तकी नव्हे. आमच्या लहानपणीं वडिलांस क्षय झाला होता. आम्हांस हें औषध देण्याचें निघालें, तेव्हां छातीचा फोटो झाला, रक्त तपासलें गेलें, आणि वडिलांचें दुखणें त्यांच्या मागें आमच्या पोटाच्या फाईलींत येऊन बसलें. शिवाय आंतड्याचा क्षय आणि क्रोन्स डिसीज हे दुर्बिणींतून इतके सारखे दिसतात, कीं आपल्याकडील कित्येक रोग्यांच्या वांट्यास आधीं क्षयाचीं औषधें येतात, आणि मग खरें नांव.

बाकीचे सोबती गाजावाजा न करतां येतात. रक्त झिरपून व लोह नीट न शोषलें जाऊन पांडुरोग होतो. दाह भडकलेला असतांना पायाच्या शिरेंत रक्ताची गुठळी होऊं शकते. ती फुप्फुसांत गेली तर प्राणावर बेततें. मोठ्या आंतड्याचा रोग आठ-दहा वर्षें मुरला म्हणजे कर्करोगाचें भय वाढतें. म्हणून आठव्या वर्षाच्या सुमारास दुर्बिणीनें आंतडें पाहण्याचा नेम सुरू होतो. आमचाहि तो चालू आहे. तपासणीच्या आदल्या रात्रीं रेचकाचे पेले रिचवीत बसलें असतां मनांत जें येतें, तें घरांतील माणसांस सांगवत नाहीं. ही धास्ती, आणि पंगतीस वा प्रवासास निघतांना आधीं संडास कोठें आहे हें शोधण्याची संवय, ह्यांनीं माणूस हळूहळू घरांत व मग स्वतःंत मिटतो. खिन्नता ही ह्या रोग्यांत इतरांपेक्षां अधिक आढळते. तिलाहि उपचार आहे, पण ती तर पोटाहूनहि अधिक पोटांत ठेवली जाते.

ह्या सर्व विस्ताराचें तात्पर्य एवढेंच कीं, रोग एकमेकांस ओळखतात, पण त्यांचे वैद्य निरनिराळ्या खोल्यांत बसतात. त्या सर्व खोल्यांतून हिंडणारा इसम एकच, तो म्हणजे रोगी. तेव्हां निरोप त्यानेंच पोंचविला पाहिजे. डोळ्याच्या घटनेपासून आम्ही खिशांत एक कागद बाळगतों. त्यावर रोगाचें नांव, तो सुरू झाल्याचें साल, चालू औषधें, डोळा, घोटा आणि वडिलांचा क्षय इतकें लिहिलेलें असतें. मध्यंतरीं दाढ दुखूं लागली, तेव्हां दांतांच्या डॉक्टरांपुढेंहि तो ठेवला. त्यांनीं प्रथम किंचित् नवल केलें; मग नेहमींची वेदनाशामक गोळी लिहिण्यासाठीं उचललेलें पेन खालीं ठेवलें, कारण त्या जातीच्या गोळ्यांनीं निजलेला दाह जागा होऊं शकतो. तो कागद पुढें करतांना अजूनहि थोडा संकोच होतो. दुसऱ्याचे अपराध खुशाल पोटांत घालावे. पोटाचें गाऱ्हाणें मात्र तेथें ठेवूं नये.