पाठकोरा कागद

मोठ्या माणसांना चित्रकला शिकवताना पहिल्याच आठवड्यात एक वाक्य हमखास कानावर येतं : "सर, माझी इंटरमिजिएट झालीये, बी ग्रेड होती." बँकेतले गृहस्थ, निवृत्त शिक्षिका, हिंजवडीला नोकरीला जाणारी मुलगी, सगळेच हे सांगतात. कुणी अभिमानाने, कुणी ओशाळून. शाळा केव्हाच सुटली, ग्रेड सुटलेली नाही. रोज थोडं चित्र काढावंसं वाटतं पण होत नाही, असं म्हणणाऱ्यांच्या दुखण्याच्या मुळाशी मला ही परीक्षाच दिसते.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मी नावं ठेवत नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांच्या हातात ब्रश आला तो कला संचालनालयाच्या या परीक्षांमुळेच. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन असं सगळं एकदा शिस्तीत हाताखालून जातं, हे काही थोडं नाही. पण त्याबरोबर एक समजूतही पक्की होते. चित्राला विषय कुणीतरी द्यायचा, ते ठरल्या वेळात पुरं करायचं, रंगवायचं आणि तपासायला देऊन टाकायचं. आता तर दहावीला त्याचे वाढीव गुणही मिळतात. चाळिशीतला माणूस सकाळी डायनिंग टेबलावर पेन्सिल घेऊन बसला, तरी त्याच्या पाठीमागे पर्यवेक्षक उभाच असतो.

असा माणूस मग उत्साहाच्या भरात अप्पा बळवंत चौक गाठतो. जाड कागदाची वही, एचबीपासून सिक्सबीपर्यंत पेन्सिली, मळता येणारा खोडरबर, सगळं घेऊन येतो. पहिल्या पानावर गणपती. (पुण्यात पहिलं पान गणपतीचंच असतं.) तो छान येतो, कारण सोंडेचं वळण लहानपणापासून हातात बसलेलं असतं. दुसऱ्या पानावर काय काढायचं, इथे गाडं अडतं आणि वही कपाटात जाते. कागद जितका भारी, तितका हात आखडतो. आपल्या शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत 1940 पासून फार देखणा कागद होतो. मीही तो हौसेने आणतो, पण रोजच्या कामाला काढत नाही. असा कागद समोर आला की हात आधी नमस्कार करतो.

रोजच्यासाठी पाठकोरा कागद. लग्नपत्रिकेची कोरी बाजू, सोसायटीच्या सभेची नोटीस, रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरची कालची तारीख. त्याचं मोल पुणेकराला पटवून द्यावं लागत नाही. चिमट्यात अडकवलेला असा गठ्ठा बहुतेक घरांत फोनपाशी असतोच. तो आधीच एकदा वापरून झालेला असल्याने वाया जाण्याचा प्रश्न मिटतो. सोबत साधं बॉलपेन. त्याची रेघ खोडता येत नाही, म्हणून ते बरं. खोडरबर जवळ असला की दहा मिनिटांतली सहा तोच खातो. बॉलपेनने रेघ हुकली तर तिच्या शेजारी दुसरी ओढायची आणि पुढे जायचं. दोन्ही रेघा दिसत राहतात आणि चित्राचं त्यात काही बिघडत नाही.

विषय शोधायलाही लांब जायचं नाही. मी चहाचं आधण ठेवतो आणि हाताशी जे असेल ते काढतो. परवा आल्याचा तुकडा होता. आल्याची साल नीट पाहिली तर तिच्यावर बारीक कडी दिसतात. लांबून ती एकमेकांना समांतर वाटतात, पण फाटा जिथे फुटतो तिथे त्याच्याभोवती वळतात. ही वळणं तेवढी पकडली की छाया न देताही गोलाई येते. कापलेल्या तोंडाशी साल संपते आणि तंतूंचे ठिपके सुरू होतात. तिथे पेन नुसतं टेकवायचं, ओढायचं नाही. पाणी उकळेपर्यंत एवढंच झालं. मग ते आलं किसून चहात गेलं, त्यामुळे चित्र पुरं करण्याची सोयच उरली नाही.

आणि रोज काढण्याची सवय ही काही बाहेरून आणायची गोष्ट नाही. सकाळचा सडा झाला की दारात चार रेघा ओढणाऱ्या बायकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. चैत्रात चैत्रांगण, चातुर्मासात ज्यांचं व्रत असेल त्यांची रोजची 33 गोपद्मं. माझी आजी रांगोळी घालायची तेव्हा पहिले ठिपके तिचं लक्ष नसतानाच पडायचे. कालचेच ठिपके, कालचीच सुरुवात. नवं काही सुचायचं ते ठिपके जोडताना, एखादी पाकळी जरा लांबवून. दुपारपर्यंत चपलांनी ती पुसून जायची आणि त्याचं कुणाला सुतक नसायचं. मला त्यातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते ती खाड्याची. मुसळधार पाऊस लागला, घरात अडचण आली, तर रांगोळी राहायची. काल राहिली म्हणून आज दोन रांगोळ्या घालताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

याच्या उलट ऑक्टोबरातली तऱ्हा. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने 2009 मध्ये स्वतःची शाईची रेघ सुधारावी म्हणून महिनाभर रोज एक चित्र काढायला घेतलं. त्याचं 'इंकटोबर' झालं आणि ते जगभर पसरलं, आपल्याकडेही. काहींना त्याचा खरोखर उपयोग होतो. पण माझ्या वर्गातले बरेच जण पहिल्याच आठवड्यात गळतात, कारण त्यात दिलेल्या विषयांची यादी आली आणि मोबाईलवर दाखवणंही आलं. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी दोन काढायची, तिसऱ्या दिवशी तीन. थकबाकी साचली की माणूस तोंड चुकवतो. मी त्यांना दोनच गोष्टी सांगतो : पहिला महिना चित्र घरातसुद्धा कुणाला दाखवू नका, आणि सुरुवात रोज एकाच गोष्टीने करा. कप म्हणा, चावी म्हणा, आपलाच डावा हात म्हणा. हात सुटला की मग वाटेल तिकडे जा.

महिन्याभराने मी त्यांना महात्मा फुले मंडईत नेतो. नगरपालिकेचे सभासद असताना फुल्यांनी ज्या इमारतीच्या खर्चाला विरोध केला, तिलाच पुढे त्यांचं नाव मिळालं. 1886 मध्ये सुरू झालेल्या या मंडईचा मधला अष्टकोनी मनोरा भल्याभल्यांना भुरळ घालतो, म्हणून पहिल्या दिवशी वर बघायची मी बंदी घालतो. मनोरा काढायला घेतला की परीक्षा परत सुरू. खाली बसायचं आणि तराजू, वजनं, पोतं, मिरच्या, जे समोर असेल ते काढायचं. लोक डोकावतात, हे पुणं असल्याने मत देतात, आणि त्याचीही सवय होते.

गेल्या खेपेला मी एका गाळ्यासमोर वांग्यांचा ढीग काढत होतो. मावशी म्हणाल्या, "लवकर उरका, गिऱ्हाईक आलं की मोडणार तो." आणि मोडलाच. एका बाईंनी खालचीच वांगी वेचून काढली, वरची घरंगळली. मी नव्या ढिगाची बाह्यरेषा पहिल्यावरच ओढली. देठांची टोकं कुठे दोनदा आली, कुठे आलीच नाहीत. मावशींनी कागद हातात घेऊन उलटा केला, मागची लग्नपत्रिका आधी वाचली, मग चित्राकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरी आलीत. देऊ का अर्धा किलो?"