पप्पु, पाप आणि चालु

सोलापूरहून लोक काय आणतात? चादर, शेंगाचटणी, कडक भाकरी. आम्ही या वेळी शब्द आणले.

निमित्त होतं ऑफिसातल्या मित्राच्या मुलीचं बारसं. हा घरी तेलुगू, बायको साताऱ्याची, आणि पुण्यात भाषा एकदम इस्त्रीची. ‘काय करलालास बे?’ वरून टीममध्ये एकदा हशा पिकला, तेव्हापासून ‘बे’ बंद. पण हुतात्मा एक्स्प्रेसनं कुर्डुवाडी सोडलं आणि ‘बे’ परत आला!

शहराच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या विणकरांची वस्ती. मागांची खटखट, घरात तेलुगू, दुकानात मराठी आणि जरा पुढे गेलं की कानडी. पंगतीत मित्राची आजी वाढत होती. म्हणाली, ‘पप्पु?’ मला वाटलं, याचा धाकटा भाऊ असेल. पप्पु म्हणजे वरण! मग तिनं विचारलं, ‘चाला?’ आता हाकलतायत की काय, म्हणून मी उठायच्या बेतात. तेलुगूत ‘चालु’ म्हणजे पुरे. हे कळल्यावर आम्ही दोघं सुटलोच. बॉस चालू आहे, म्हणजे बॉस पुरे. मीटिंग चालू आहे, म्हणजे तर फारच पुरे!

पण खरी मजा पाळण्यापाशी. आजी पणतीला लाडानं ‘पाप’ म्हणाली आणि साताऱ्याच्या पाहुण्यांचे चेहरे उतरले. लेकराला पाप? तेलुगूत ‘पाप’ म्हणजे छोटी मुलगी. मित्राची बायको शांतपणे आपल्या आईला म्हणाली, ‘अगं, पापा म्हणतायत. घे की एक!’ आईनंही पटकन नातीचा पापा घेतला. आजीला शेवटपर्यंत काही कळलं नाही, ते बरंच.

दुसऱ्या दिवशी भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक पाहिलं. १९३८ साली चीनला गेलेले हे सोलापूरकर तिथे ‘के दिहुआ’ झाले. मित्र लगेच, ‘क्या हुआ बे?’ पण त्यांच्या मुलाचं नाव कळलं आणि तो थांबला. यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मुलगा साडेतीन महिन्यांचा असताना, डिसेंबर १९४२ मध्ये डॉक्टर तिकडेच गेले.

बाहेर चहा घेताना मित्र बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘पोरीचं नाव तर ठेवून झालं बे. पण तेलुगू आणि सातारा मिळून काय झालं असतं?’

‘तेसा.’

‘चालु,’ तो म्हणाला. कुठल्या भाषेत, ते मी विचारलं नाही.