काकीची वाटी

आमच्याकडची माती लाल, आणि ती लाल आहे ती लोखंडामुळे. देवगड-कणकवलीकडे जांभा म्हणतात तो दगड म्हणजे पावसाने धुऊन धुऊन मागे राहिलेलं लोखंड आणि ॲल्युमिनियमच. त्याची खडी भाताच्या कुणग्यातही पसरलेली. अशा जमिनीत सोनं शोधायचं म्हणजे काय, हे आम्हाला काकीच्या मंगळसूत्राने दाखवलं.

कापणी चालू असताना तिची पोत तुटली. मणी बरेचसे मिळाले. दोन वाट्यांपैकी एक कामाला येणाऱ्या बाईलाच खुंटांत दिसली आणि तिने ती लगेच काकीच्या हातावर ठेवली. दुसरी काही गावेना. दोन दिवस सगळ्यांनी बसून बसून कुणगा चाळला. तिसऱ्या दिवशी वाडीत कुजबुज सुरू झाली, एक दिली नि एक ठेवली. काकी तोंडाने काही बोलली नाही, पण तिला चहा द्यायला पूर्वीसारखी स्वतः पुढे झाली नाही. बाईला ते कळलंच. "काकी, गळ्याची शप्पथ, माका म्हायत नाय," एवढंच ती म्हणाली. वीस वर्षं आमच्या घरी येणारी बाई ती.

दिवाळीला मुंबईहून भाचा आला. त्याच्याकडे हौसेने घेतलेलं मेटल डिटेक्टर होतं. समुद्राच्या कोरड्या वाळूत ते छान चाले म्हणे. आठ दिवसांत त्या कुणग्यात कुळीथ पेरायचा होता. एकदा नांगर फिरला की वाटी कायमची गेली.

पहिल्या दिवशी त्याने यंत्र निवड करायच्या सेटिंगवर ठेवलं. म्हणजे खिळे, पत्रे असं लोखंड यंत्राने आपणच गाळायचं आणि फक्त कामाचं तेवढं वाजवायचं. ऐकायला सोयीचं. पण कुणग्यात ते नुसतं तडतडायला लागलं, मधेच गप्प व्हायचं. तेव्हा भाच्याने एक शहाणपणा केला. काकीची अंगठी मागून घेतली आणि मेरेजवळ चार बोटं खोल पुरली. यंत्र वरून गेलं, आवाज नाही. दोन-तीनदा फिरवल्यावर कुठे एकदा चिरकलं, तेही लोखंड म्हणून.

कारण असं, की एवढ्याशा सोन्याची खूण मुळात बारीक. तिच्यात मातीतल्या लोखंडाची खूण मिसळली की यंत्राला दोन्ही मिळून लोखंडच वाटतं, आणि लोखंड गाळायला तर आपणच सांगितलेलं असतं!

मग त्याने ऑल मेटल लावलं. यात निवड नाही, धातू म्हणून जे असेल ते वाजतं. कानात सारखा बारीक गुणगुणाट चालू असतो, आणि खाली काही असलं की तो किंचित वर चढतो. त्याआधी यंत्राला जमिनीची सवय करावी लागते. धातू नसलेल्या जागी त्याची थाळी चार-सहा वेळा जमिनीलगत वर-खाली करायची आणि गुणगुण एकसारखी राहीपर्यंत जुळवत जायचं. कुणग्याच्या दुसऱ्या टोकाला खडी जास्त, तिथे परत जुळवायचं. आता अंगठी स्पष्ट वाजली.

पण किंमतही मोजावी लागते. सगळंच खणावं लागतं. थाळी जमिनीला जवळजवळ टेकवून, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवून, अगदी सावकाश. दोन दिवसांत आम्ही काढलं ते असं: मूठभर खिळे, बैलाच्या खुराच्या पत्र्या, कोयत्याचं मोडकं टोक, सोड्याच्या बाटल्यांची बुचं आणि 1944 सालचा भोकाचा तांब्याचा पैसा. पैसा निघाल्यावर बांधावर गर्दी झाली. हंडा निघाला तर सरकारजमा होणार काय, यावर दोन म्हाताऱ्यांचं वाजलं. (1878 चा कायदा आहे तसा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन मिळालं तर कलेक्टरला कळवावं लागतं.) त्यातला एक भाच्याला म्हणाला, "सगळाच वाजता तर मगे उपयोग काय?" मला मात्र तोच उपयोग वाटत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी, जिथे पेंढ्या रचल्या होत्या तिथून हातभर अंतरावर, गुणगुण जराशी वर गेली. खिळ्याइतकीसुद्धा नाही. भाच्याने आडवी-उभी थाळी फिरवली, दोन्हीकडून तेवढंच. मी खुरप्याने खुंट उपटला. मुळांच्या जाळ्यात लाल चिखलाचं ढेकूळ होतं, बोटांनी फोडलं तर आत वाटी. पायाखाली दाबली गेली असणार.

काकीने ती धुतलीसुद्धा नाही. तशीच पदरात बांधून बाईच्या घरी गेली, मला बरोबर घेऊन. बाई दारात तांदूळ पाखडत होती. वाटी बघून म्हणाली, "गावली मा? बरा झाला." आणि सूप परत हलवायला लागली. काकी उभीच होती. बाईने बसायला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षीच्या कापणीला ती आली नाही. दोन कुणगे पलीकडे दुसऱ्यांच्या शेतात वाकलेली दिसायची. काकी रोज दहाच्या सुमाराला चहाची किटली घेऊन मेरेवरून तिकडे जायची. पहिले काही दिवस किटली भरलेली परत यायची, मग अर्धी यायला लागली.