भाऊसाहेबांची थकबाकी

जानेवारी २०२१च्या ग्रामपंचायत निवडणुकीत सरपंचपदाची सोडत निकालानंतर निघाली. पद महिलेसाठी सुटलं आणि मी सरपंच झाले. सत्काराचे हार उतरायच्या आत ग्रामसेवक भाऊसाहेबांनी डिजिटल सहीचं डोंगल माझ्या हातात ठेवलं. "ताई, हे तुमच्या पर्समध्येच राहू द्या. मालकांकडे नको, ऑपरेटरकडे नको, माझ्याकडे तर मुळीच नको." आम्हा दोघांच्या सहीशिवाय वित्त आयोगाचा रुपया हलत नव्हता. किती गावांत सरपंचबाईंचं डोंगल भलत्याच खिशात असतं, ते पुढे कळलं.

पहिल्या आराखड्यात लोकांनी ओढ्यावर साकव मागितला. पैसा आला होता, पण पंधराव्या वित्त आयोगाच्या अटी बांधून. भाऊसाहेबांनी पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं: ६० टक्के बंधित, त्यातले निम्मे पाण्याला, निम्मे स्वच्छतेला. उरलेल्या ४० टक्क्यांत आमच्या एवढ्याशा गावाचा साकव बसेना. ७३व्या घटनादुरुस्तीनं १९९३पासून पंचायतींना घटनेत स्थान मिळालं, अकराव्या अनुसूचीत २९ विषयही आले. मात्र त्यांतले किती अधिकार द्यायचे, हे राज्याच्या मर्जीवर. दिल्ली अटी घालणार, मुंबई जीआर काढणार, आणि ओढ्याला पूर आला की शिव्या सरपंचाला!

"आपल्या हक्काचा पैसा एकच, घरपट्टी," भाऊसाहेब म्हणाले आणि नमुना नऊची वही उघडली. मोठ्या थकबाकीदारांत माझे चुलत सासरेच निघाले. "इथूनच सुरुवात करू."

पावतीबुक घेऊन आम्ही त्यांच्या ओट्यावर गेलो. "सूनबाई वसुलीला आली," मामंजी घरात ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले. मी डोक्यावरचा पदर सावरत उभी. भाऊसाहेबांनी शांतपणे कार्बन सरळ केला, नाव लिहिलं, आकडा लिहिला, आणि पेन हातात धरून थांबले. तीन पिढ्यांचा मान त्या पेनाकडे बघत होता. शेवटी मामंजींनी बंडीतून नोटा काढल्या. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवसापासून लोक आपणहून पंचायतीत येऊ लागले. ग्रामनिधीतून साकव नाही झाला, पण सिमेंटच्या नळ्या टाकून मोरी झाली. पोरं कोरड्या पायांनी शाळेत जाऊ लागली.

इतिवृत्ताच्या शेवटच्या ओळीखालची कोरी जागा तिरकी रेघ मारून बंद करायची, म्हणजे मागाहून ठराव घुसत नाही, हेही भाऊसाहेबांनीच शिकवलं. अशा गोष्टी प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत सापडत नाहीत.

पुढे त्यांची बदली निघाली. ती थांबवावी, असा ठराव ग्रामसभेनं एकमतानं केला. तो लिहायचाही त्यांनाच होता. "लिहून घेतो ताई, पण बदली झेडपीच्या हातात."

जूनमध्ये ते दुसऱ्या तालुक्यात रुजू झाले.