काकडीचा नवस घेणारी आजी

मैत्रिणींनो, क्रांती चौकातून रात्रीची गाडी धरून गोव्याला निघालं, की बेत ठरलेलाच असतो. समुद्र, मंगेशी, शांतादुर्गा आणि येताना काजू! या खेपेला अर्धा दिवस सांतान-तळावलीसाठी राखून ठेवा.

पिलार, गोवा वेल्हाच्या बाजूला हे गाव. गाव एवढंसं, पण तिथलं चर्च राजधानीला शोभेल असं! १६८१ मध्ये काम सुरू झालं, १६९५ मध्ये पुरं झालं. मधे १६८३ साली, ज्यांचं नाव आज आपल्या शहराला आहे, ते संभाजी महाराज गोव्यावर चालून आले होते. म्हणजे तेव्हा या भिंती अर्ध्यामुर्ध्याच उभ्या असणार.

दर्शनी बाजू चांगली पाच मजली, दोन्ही अंगांना मनोरे. घाट युरोपातला, दगड मात्र इथलाच, जांभा. जांभा पाणी पितो, म्हणून वरून चुन्याचा गिलावा. तो सुटला की ओल शिरलीच! गळक्या घरात चार पावसाळे काढलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. भिंती इतक्या जाड, की त्यांच्या पोटातून माणसानं चालावं अशी वाट आहे. पापनिवेदनाला जाणारा कुणाच्या नजरेला पडू नये, हा हेतू.

चर्च आहे संत ॲनाचं. मरियेची आई, म्हणजे येशूची आजी. जुलैअखेर इथे तवशांचं फेस्त भरतं. तवसं म्हणजे आपली मोठी काकडी. मूल हवं असलेली जोडपी आजीला काकडी वाहतात. काकडीच का? तर पोर्तुगीजमध्ये काकडी म्हणजे पेपिनो आणि लहानगा म्हणजे मेनिनो. यमक जुळलं, नवस ठरला! बायको हवी असलेले तरुण चमचा आणतात आणि नवरा हवा असलेल्या मुली उडीद. त्यांचीही अशीच यमकं आहेत. मला तर ही गंमत फार आवडली.

पण एक गोष्ट सासूबाईंना जरूर ऐकवा, विशेषतः 'नातूच हवा' म्हणून सुनेच्या हाती काकडी देणाऱ्या सासूबाईंना. ॲनाला वर्षानुवर्षं मूल नव्हतं. तेवढ्यावरून तिच्या नवऱ्याचं अर्पण मंदिरातून परत पाठवलं होतं, अशी जुनी कथा आहे. बोलणी तिनंही खाल्लीच असतील. उतारवयात कूस उजवली, ती मुलीनं!

फेस्ताला जाणार असाल तर छत्री विसरू नका. जुलैतला गोव्याचा पाऊस आपल्याकडच्यासारखा विचारून येत नाही.